आवशीकडची मालवणी

गुरुदास माझा धाकटा भाऊ. सख्खा आणि पाठचा, मध्ये कोणी नाही. त्याची गोष्ट सांगायला माझ्याएवढा लायक माणूस अख्ख्या मालवणात दुसरा मिळायचा नाही. एक तर मी त्याला जन्मल्या दिवसापासून ओळखतो, आणि दुसरं म्हणजे बोलण्यात मला आजवर कोणी हरवलेलं नाही. शाळा सातवीपर्यंत झाली, ती पण ओढूनताणून. पण दांडीच्या किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढताना मी इकडून हाक घातली की तिकडच्या टोकाचा माणूस दोरी सोडून बघत राहायचा. ह्या गोष्टीत मी पण आहे. पण सारखं मी मी केलं तर लोक म्हणतील भिकाजी बढाया मारतो. म्हणून पुढे मी स्वतःला भिकाजीच म्हणणार, परक्यासारखं. त्यात काही मोठेपणाचं दिसलं तर ते खरं आहे असं समजा.

तर गुरुदास. लहानपणी त्याला दमा. खारं वारं लागलं की छाती शिट्टी मारायची. भिकाजी सातव्या वर्षी होडीत होता, आणि गुरुदास आठव्या वर्षीसुद्धा चुलीपाशी, आईच्या पदराआड. पोरं किनाऱ्यावर मारामाऱ्या करायची, शिव्या शिकायची, हा आत बसून नारळ खवताना आईच्या गोष्टी ऐकायचा. शेवटी डॉक्टरने सांगितलं, ह्याला कोरड्या हवेत ठेवा. आमचा मामा जबलपूरला कारखान्यात फिटर होता, तो घेऊन गेला. मामाच्या घरात हिंदीच चालायची. गुरुदास तिथेच शिकला, तिथेच कामाला लागला, सरोज म्हणून तिकडचीच मुलगी होती तिच्याशी लग्न केलं. मूलबाळ झालं नाही. सरोज गेली त्याला चार वर्षं झाली, आमची आई जानकी गेली त्याला तीन. मागच्या दिवाळीनंतर गुरुदास रिटायर झाला आणि दोन बॅगा घेऊन घरी आला. बावन्न वर्षांनी.

बावन्न वर्षं त्याने शाळेत, कामावर हिंदी बोलली, घरात हिंदी बोलली. मालवणी बोलला ती फक्त आईशी. गावात फोन आल्यापासून दर रविवारी सकाळी नऊ वाजता फोन. आधी बूथवरून, मग मोबाईलवरून. आईचा पहिला प्रश्न ठरलेला.

"जेवलंस?"

"आये, नऊ वाजलेहत. आता कोण जेवता?"

"मगे पेज तरी खा."

त्यानंतर अर्धा तास आई बोलायची. शेजारणीने कुंपण कसं सरकवलं, कोणाच्या सुनेने काय उत्तर दिलं, बाजारात राधाबाईने बारीक मासा कसा गळ्यात मारला. गुरुदास ऐकायचा आणि मधे मधे आईच्याच शब्दांत हूं भरायचा. तिकडे कारखान्याच्या वसाहतीत तो स्वतःला अस्सल मालवणी समजायचा, आणि त्याचं चुकत नव्हतं. भाषा अस्सल होती. पण ती सगळीच्या सगळी आवशीची होती, म्हणजे आईची. बापयांची, म्हणजे पुरुषांची, मालवणी त्याच्या कानावर फारशी पडलीच नव्हती. हे त्याला कोणी सांगितलं नाही. इथे आल्यावर कळलं.

पहिल्याच दिवशी एसटीतून उतरून तो रिक्षा स्टँडवर गेला. पुढची रिक्षा दीपेशची. दीपेश तिशीतला, भिकाजीच्या घरासमोरून रोज चार फेऱ्या मारणारा. गुरुदासने प्रवासभर मनात घोळवलेलं वाक्य म्हटलं, "बाबू, माका दांडीर जावचा आसा."

दीपेशने बॅगांकडे बघितलं, बुटांकडे बघितलं. "बसा ना काका. कुठलं हॉटेल?"

गुरुदास बसला. वाटेत दीपेशने त्याला किल्ल्याच्या होड्यांची वेळ सांगितली.

चार दिवसांनी भिकाजी त्याला नाक्यावरच्या चहाच्या टपरीत घेऊन गेला. सकाळी होड्या लागल्यावर तिथे आठ-दहा जण बसतात. भिकाजीने ओळख करून दिली, हा माझा भाऊ, मोठ्या कारखान्यात मोठ्या पोस्टवर होता. सगळ्यांनी सरकून जागा दिली. गप्पा चालल्या होत्या, कोणाची तरी होडी रात्री खडकावर आपटून तळाला फुटली होती. सांगणारा रंगवून सांगत होता. आणि गुरुदासच्या तोंडून सहज निघून गेलं,

"गो बाय माझे! मगे रे?"

 "गो बाय माझे" हे आमच्याकडे बायका म्हणतात. दारात साप दिसला, सुनेने भांडं फोडलं, की म्हणतात. मिशा पांढऱ्या झालेला बाप्या म्हणत नाही. मग एकजण फुटला, आणि मग सगळेच. दीपेशच्या नाकातून चहा आला. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठ्याने भिकाजी हसला. त्याचा आवाजच मोठा, त्याला काय करणार.

गुरुदास पण हसला, आपल्याला कळलं नाही असं दाखवून. घरी येईपर्यंत कळलं. दुसऱ्या दिवशी तो टपरीत शिरताना कोणीतरी मागून हळूच म्हणालं, "बाय इली." ते "बाई आली" त्याने ऐकलं.

त्या दिवसापासून त्याने मालवणी बंद केली. पुस्तकातली मराठी काढली, ओरोसला कलेक्टर कचेरीत आपण बोलतो तशी. "आपण कसे आहात?" "आज समुद्र शांत आहे." लोकांनी पण मग तशीच उत्तरं दिली. "बसा तुम्ही." "तुम्हाला चहा सांगू?" कोणी वाईट वागलं नाही. उलट त्याला टपरीतली एकमेव खुर्ची मिळायला लागली. बाकीचे सगळे दगडावर, बाकड्यावर, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून. हा खुर्चीवर, सगळ्यांपेक्षा वीतभर उंच. "तुम्ही" म्हणजे तीच खुर्ची. एकदा माणसाला तिच्यावर बसवलं की त्याच्या पाठीवर कोणी थाप मारत नाही.

महिन्याभरात तो टपरीत जायचा थांबला.

घराचा अर्धा भाग त्याने घेतला, आईची चूल होती तो. भिकाजी पहाटे समुद्रावर, भिकाजीची बायको यशोदा अंगणवाडीत, दुपारपर्यंत घरात दुसरा माणूस नाही. गुरुदास चहा करायचा, एका कपाचा. भांडं पुसून पालथं घालायचा. रविवारी नऊ वाजले की हातातलं काम ठेवून तो मागच्या पायरीवर जाऊन बसायचा, अर्धा तास, आणि मग उठायचा. यशोदेने दोन-तीन रविवार ते बघितलं आणि भिकाजीला सांगितलं. भिकाजी म्हणाला, वारं खायला बसत असेल.

बोलायला त्याला एक जागा उरली होती, मच्छीमार्केट. तिथे रोज जावंच लागतं. आणि तिथे राधाबाई.

राधाबाई देवबागेची. पंच्याहत्तरीची असेल, पन्नास वर्षं त्याच ओट्यावर बसते. आईच्या फोनमध्ये दर रविवारी येणारी ती हीच. गुरुदासने तिला लहानपणी बघितलेली नाही, तिने त्याला नाही. पण तिच्याबद्दल त्याला इतकं माहीत होतं, तिच्या नवऱ्याचं दुखणं, नातीचं लग्न, वाटा लावताना मोठा मासा वर आणि बारीक खाली ठेवायची सवय, की पहिल्या दिवशी तिच्यासमोर उभं राहताना त्याला नातेवाईकाकडे गेल्यासारखं वाटलं.

राधाबाई टोपलीवरून मान वर न करता म्हणाली, "घ्या ना साहेब. ताजा माल आहे. मुडदुशे घ्या, काटा कमी."

त्याने घेतले. दुसऱ्या दिवशी पण "साहेब". शेजारी भिकाजीच्या वयाचा एकजण आला, त्याला तीच राधाबाई म्हणाली, "खंय मेलं होतंस रे चार दिस? घे आणि चालू लाग." गुरुदास पिशवी धरून ऐकत राहिला. वाटेत त्याने ठरवलं, ही बाई आपल्याला "रे" म्हणेल तोपर्यंत आपण दुसऱ्या ओट्यावर जायचं नाही. ज्या बाईशी आई चाळीस वर्षं भांडली तिने जर आपल्याला साहेब म्हटलं, तर आपण ह्या गावात कोणीच नाही.

भिकाजीला हे समजलं तेव्हा तो म्हणाला, "एवढाच मां? उद्या मी सांगतंय तिका, जानकीचो झील तो म्हणान. संपला." झील म्हणजे मुलगा.

"नको," गुरुदास म्हणाला. "सांगलंस तर कोणय म्हणतली. न सांगता म्हणाक व्हयी."

हट्टी आहे. आमच्या घराण्यातच आहे तो हट्ट.

मग भिकाजीने त्याला हातात घेतला. सकाळी होडी ओढून झाली की वाळूवर शिकवणी. गुरुदास वही घेऊन यायचा, वर तारीख घालायचा.

"बघ," भिकाजी म्हणाला, "आमची मालवणी शिवयेशिवाय उभीच रवणा नाय. शिवी म्हणजे राग न्हय. खांद्यार हात ठेवतंस तशी ठेवची. म्हण, मेल्या."

"मेल्या."

"औषध घेतल्यासारखा कित्याक म्हणतंस? मोठ्यान म्हण. समज मी तुझी होडी आपटलंय. दी माका शिवी."

गुरुदासने छाती भरून घेतली. "तुमच्या तोंडाक आग लागो."

"तुमच्या? शिवयेक कोण तुमच्या म्हणता रे? लग्नाक बोलावतंस काय माका?"

दोघंही हसले. दहा-बारा शिव्या वहीत उतरल्या. भिकाजीची निवड चोख होती, बायकी असलेली एकही त्याने घेतली नाही. शेवटी त्याने आमच्याकडची सगळ्यांत चालू शिवी सांगितली, आवशीचो घो, म्हणजे आईचा नवरा. ही तर आम्ही दर वाक्याला टेकू लावतो तशी लावतो. गुरुदासने लिहिली. म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय झाला?"

"ही नको, दादा. तेच्यात आवस आसा."

"तेका अर्थ नसता रे."

"माका आसा," गुरुदास म्हणाला आणि वही बंद केली.

भिकाजीला तेव्हा हसू आलं. ती भिकाजीची चूक. मला आता कळतं, ज्याला एकूण एक शब्द एकाच माणसाने दिला, तो त्या माणसावर तो शब्द कसा उलटवणार?

पंधरा दिवसांच्या शिकवणीनंतर गुरुदास मार्केटात गेला. भिकाजीने बसवून दिलेलं वाक्य तयार होतं. मुडदुशाचा कल्ला वर करून त्याने बघितला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "मेले मासे काय दाखयतंस गो राधाबाय? ह्ये तर माझ्या आजयेच्या लग्नातले."

उच्चार पक्का, चाल पक्की. भिकाजीनेसुद्धा तसंच म्हटलं असतं. राधाबाईने पहिल्यांदा मान वर केली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे बारीक करून त्याच्याकडे बघितलं आणि हसली. गुरुदासच्या छातीत पूर्वीची शिट्टी वाजली.

"अय्या," ती म्हणाली, "किती छान बोलता हो तुम्ही मालवणी. कुठे शिकलात साहेब?"

शेजारच्या ओट्यावरची बाई पण कौतुकाने म्हणाली, "अगदी आपल्यासारखं बोलतात."

आता मला सांगा, मला कोणी आजवर म्हटलंय, भिकाजी तू किती छान मालवणी बोलतोस? माशाला कोणी म्हणतं, छान पोहतोस? गुरुदासने मासे घेतले, बरं म्हणाला, आणि घरी येऊन वही चुलीवरच्या फळीवर ठेवली. त्या दिवशी त्याने मासे शिजवले नाहीत. पुढचे आठ दिवस तो मार्केटात गेला नाही. डाळ-भात खाल्ला. यशोदेने विचारलं, भावजी बरं नाही का, तर म्हणाला, पोट जड आहे. त्याच दिवसांत जबलपूरच्या शेजाऱ्याला त्याने फोन केला होता, तिकडे खोली भाड्याने मिळेल का म्हणून. हे भिकाजीला खूप नंतर कळलं.

नवव्या दिवशी यशोदेकडे पाहुणे येणार होते, म्हणून ती म्हणाली, भावजी, एवढे मासे आणून द्याल? तो गेला. दुसऱ्या ओट्यावर जायचं ठरवून गेला. राधाबाईच्या समोरून मान खाली घालून पुढे चालला होता.

राधाबाई आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, मासा कापत होती. गिऱ्हाईक घाई करत होतं. मासा निसटला आणि पातं थेट अंगठ्यात. तिने तोंडातून आवाजसुद्धा काढला नाही. हात तसाच बाजूच्या बादलीत घातला आणि पाणी लाल झालं.

गुरुदासच्या हातातली पिशवी खाली पडली.

"गो बाय माझे! काय केलंस गो ह्या? बघू. बघू म्हणतंय मां, लपवतंस कित्याक? दिसना नाय तर ह्या वयात आडाळ्यार बसतंस कशाक? हात वर धर. वर गो, आणखी वर. त्या घाण पाण्यात कसलो बुडयतंस, पिकात मगे आणि रडत बसशीत. शिरा पडो त्या आडाळ्यार. हळद खंय आसा? गो, हळद दिया कोणतरी, बघत काय रवलास? सकाळपासून खाल्लं नसतलंस काय नाय, म्हणान हात थरथरता. दरवेळी सांगतंय, पेज तरी खावन बस..."

तो ओट्यावर चढून तिच्यासमोर उकिडवा बसला होता, खिशातला रुमाल फाडून अंगठा आवळत होता, आणि बोलत होता. थांबतच नव्हता. वहीतला एक शब्द त्यात नव्हता. शेजारच्या बाईने हळद आणली ती हातात तशीच धरून उभी राहिली.

राधाबाई अंगठ्याकडे बघत नव्हती. त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"कोणाचो रे तू?"

गुरुदास थांबला. "जानकीचो."

"दांडीच्या जानकीचो?"

"होय."

"तो दम्याचो? लांब गेल्लो तो?"

"तोच."

"म्हणान," राधाबाई म्हणाली. तिने अंगठा त्याच्या हातात तसाच राहू दिला. मग म्हणाली, "माका वाटला जानकीच इली. चाळीस वर्सां तुझ्या आवशीन माझो जीव खाल्ल्यान. मुडदुशे बारीक, वाटो लहान, खालचो मासो वर दाखय, तू म्हातारी झालंस, डोळे तपास. डोळे तपासूक पण तीच माका रिक्षात घालून घेवन गेली. ती गेल्यापासून माका वायट बोलणारा कोण नाय. सगळी राधाबाय, राधाबाय करतत."

गुरुदास हळद लावत होता. 

"आणि तू साहेब म्हणान घेतलंस इतके दिस माझ्याकडसून? लाज नाय वाटली?"

"तूच म्हणी होतंस."

"मी सगळ्यांकाच म्हणतंय. बूट घातलेल्यांका."

शेजारणी हसल्या. त्याने यशोदेचे मासे घेतले आणि निघाला. बंदराच्या वळणावर येईपर्यंत त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तिथे आलं. ती म्हणाली होती, कोणाचो रे तू. न सांगता म्हणाली होती, नाव सांगायच्या आधी. तो तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला, पिशवीतून पाणी गळत होतं.

घरी येऊन त्याने भिकाजीला सगळं सांगितलं. भिकाजी म्हणाला, बघितलंस, शिकवणी कामी आली. आता इथे मला खरं सांगितलं पाहिजे. "शिरा पडो" भिकाजीच्या यादीत नव्हती. बायकांची म्हणून त्याने गाळली होती.

पण संध्याकाळी गुरुदासला पुन्हा शंका आली. मागच्या पायरीवर बसून म्हणाला, "दादा, तिच्या हातातसून रगत येय होता. दुखण्यात माणूस कायय बोलता. उद्या सकाळी परत साहेब म्हणाली तर?"

 "जावन बघ," भिकाजी एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो गेला. पायात बूट नव्हते, भिकाजीच्या जुन्या वहाणा होत्या, दोन बोटं मोठ्या. राधाबाईच्या अंगठ्याला त्याचाच रुमाल होता. समोर पुण्याकडचं एक जोडपं उभं होतं, त्यांना ती म्हणत होती, "घ्या ना साहेब, ताजा माल आहे." गुरुदास मागे उभा राहिला. जोडपं गेलं. ती टोपलीतले मासे मांडत राहिली, मान वर केली नाही. त्याला वाटलं, तिने ओळखलं नाही. दिसत नसेल. परत जावं.

"थंय खोको आसा, तेच्यार बस," ती मान खालीच ठेवून म्हणाली. "तुझे मुडदुशे बाजूक काढून ठेयलंय."

तो पालथ्या खोक्यावर बसला. ओट्यापेक्षा खाली, तिच्या गुडघ्याच्या उंचीवर.  मार्केटात गलका होता.

"बोल मरे कायतरी," राधाबाई म्हणाली. "जानकी गप कधी बसली नाय."

गुरुदासने वहीतलं आठवून बघितलं, काही आठवेना. मग जे दर रविवारी त्याला कोणीतरी विचारत आलं होतं आणि त्याने स्वतः कधी कोणाला विचारलं नव्हतं, तेच तोंडातून आलं.

"जेवलंस?"

राधाबाईने हातातला मासा खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं.

"सकाळी सात वाजता कोण जेवता रे मेल्या?"